मुनादीवाल्याच्या चार कॅसेट

यशवंता,

गोड गळा तुला कधीच नव्हता. हे आधी लिहून ठेवतो, कारण तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि एवढ्यात लोकांनी तुझा गळा गोड करायला घेतला आहे. परवा एक ओळखीचे गृहस्थ दुकानात येऊन म्हणाले, "काय भजनं म्हणायचे हो तुमचे मित्र." मी विचारलं, कोणतं भजन? त्यांना एकही सांगता आलं नाही. कसं येणार? तू आयुष्यात एक भजन म्हटलं नाहीस, एक गाणं धड सुरात गायलं नाहीस. तुझा आवाज म्हणजे पाणी न चढलेल्या मोटारपंपाचा आवाज. आधी घरघर, मग शब्द. तू बोलायचास. ठेक्यावर बोलायचास आणि ठेका थांबला तरी बोलत राहायचास. तुझ्या चार कॅसेट आहेत आणि चारही कॅसेटमध्ये तू फक्त बोलला आहेस. त्यांच्याबद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं शेवटचं बोलणं भांडणात तुटलं, म्हणून उरलेलं इथे.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलास तो जळलेला भोंगा घेऊन. पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर पुढे वडिलांचं कापडाचं दुकान, त्याच्या बाजूच्या खोलीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं, आणि त्या खोलीच्या मागे लगेच आमचं स्वयंपाकघर. सौसरच्या मिस्त्रीने तुला भोंगा फेकून दे म्हणून सांगितलं होतं. तू तो पोत्यात घालून बसने माझ्यापर्यंत आणला होतास.

"फेकून देऊ तर बोलू कायच्यात?" असं तू मला विचारलंस, जणू फेकायला मीच सांगितलं होतं.

तुझ्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आपल्या एमपीतल्या सौसर तहसिलीतलं एक गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर बाकीची गावं म्हणतील, बघा, ते गाव तसलंच. तसलं ते एकटंच गाव नव्हतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. त्या गावात तू दोन कामं करायचास. सकाळी पंचायतीच्या टाकीचा पंप चालवायचा आणि चाबी फिरवून कोणत्या आळीला पाणी सोडायचं ते सोडायचं. दुपारी सायकलला बॅटरी आणि भोंगा बांधून मुनादी, म्हणजे दवंडी, करायची. आज लस टोचणार, उद्या रेशन येणार, बाजारात अमक्या दुकानात नवीन माल आला. बोलताना मागे गाण्याची कॅसेट लावायची तुझी सवय. गाण्यातले शब्द थांबून नुसती वाजंत्री सुरू झाली की त्या फटीत तू तुझं घुसवायचास. लोक गाणं ऐकायचं सोडून तुझं ऐकायचे.

तुझ्या भोंग्याला नवीन कॉइल बसवत होतो त्या दुपारी शेजारी एक टेपडेक चाचणीला लावला होता. बोरगावच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरचा. आत एक कॅसेट राहून गेली होती, वर काही लिहिलेलं नाही. मी बटण दाबलं आणि खोलीतल्या काचा थरथरल्या. खाली जाड, संथ ठोका. दोन ठोक्यांच्या मध्ये एवढी मोकळी जागा की माणूस आरामात जाऊन बसेल. आणि त्या जागेत एक माणूस आपल्याला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी सांगत होता.

"हा काय गाऊन राहिला?" मी विचारलं.

तू डोकं स्पीकरला लावून ऐकलंस. "गाऊन नाही राहिला बे," म्हणालास. "हा मुनादी करून राहिला."

इंजिनिअर डेक न्यायला आला तेव्हा तू त्याची वाट बघत बसला होतास. त्याने हिंदीत सांगितलं की ही जमैका नावाच्या बेटावरची रेगे आहे. तिथे रस्त्यावर स्पीकरचे मोठाले डबे मांडून रेकॉर्ड लावतात आणि एकजण त्यावर आपल्या गावठी बोलीत बोलतो. त्या बोलणाऱ्यालाच तिथे डीजे म्हणतात. हा त्यातला अगदी पहिल्या काही जणांपैकी, आणि आपल्या रेकॉर्ड तो स्वतःच काढतो, कंपनीची वाट बघत नाही.

तू एकच विचारलंस. "उसकी बोली पे लोग हंसते होंगे?"

"हंसते हैं," इंजिनिअर म्हणाला. "फिर भी बोलता है."

ती कॅसेट त्याने तुला देऊन टाकली. मला वाटतं, त्या दिवसापासून तू मुनादीवाला राहिलाच नाहीस. किंवा त्या दिवसापासून खरा झालास.

आपण दोघे नागपूरला एका कॅसेट काढणाऱ्याकडे गेलो होतो, आठवतं? तुझा नमुना भरून नेला होता. त्याने अर्धा ऐकला. म्हणाला, "'माह्या' नाही, 'माझ्या' म्हणा. आणि याला चाल कुठे आहे? मी लेबलवर काय छापू?" मग माझ्याकडे वळून, मी जरा शिकलेला दिसत होतो म्हणून, हळूच म्हणाला, "यांची मराठी तुमच्या एमपीकडची आहे. इथे चालणार नाही."

जिना उतरताना तू हसत होतास. "भोपाळवाले म्हनते तुमी मराठी. नागपूरवाले म्हनते तुमी एमपीचे. बरं हाय, मधू. म्हंजे आपल्याले कोनाले पुसाचं काम नाही."

पहिल्या कॅसेटच्या रेकॉर्डिंगला मोहगावचा शंकर आला, लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारा. एकतारीची तार सैल करून आपण माइकपाशी धरली तर त्या बेटावरच्या कॅसेटसारखा जाड ठोका निघाला. मी एवढा खूश झालो होतो. बाजार बंद असायचा त्या दिवशी, भर दुपारी, खिडक्यांना गोधड्या लावून आपण बसलो आणि माझे वडील आले. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"मधू, हे बाहेर करा," म्हणाले.

कारण सांगितलं नाही. तू कोणत्या घरचा, हे त्यांना माहीत होतं, आणि कारण तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी माइकची वायर उचलली आणि उंबऱ्याबाहेर ओढली. एक शब्द बोललो नाही. तू ओट्यावर बसलास, म्हणालास, "बरं झालं. इथं गावाचा आवाज येते." म्हणून त्या कॅसेटमध्ये बसचा हॉर्न आहे, भाजीवालीची हाक आहे, कोणाचं तरी भांडण आहे. ऐकणारे म्हणतात, काय जिवंत आहे. मला मात्र ती लावली की पहिल्यांदा माझं गप्प राहणं ऐकू येतं.

लेबलं तुझ्या बायकोने, सुमनवहिनीने लिहिली. शाळेच्या वहीचे चौकोन कापून, निळ्या शाईने 'मुनादी', खाली बारीक अक्षरात 'बोलणारा : यशवंत', आणि भाताच्या पेजेने चिकटवले. दोन डेक समोरासमोर ठेवून आपण प्रती काढायचो. तू नियम केला होतास, कोरी कॅसेट आण आणि भरलेली ने. माणसं जुन्या गाण्यांच्या, लग्नाच्या, हरवलेल्या पोराच्या पत्रासारख्या जपलेल्या कॅसेट घेऊन यायची आणि म्हणायची, याच्यावर भरा. सौसरच्या जीपवाल्यांनी ती छिंदवाड्यापर्यंत नेली. लोकांना नाव माहीत नव्हतं. "तो बोलनारा लाव," म्हणायचे.

दुसऱ्या कॅसेटच्या वेळी तू न विचारता आत येऊन बसलास, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून. वडील आले, उभे राहिले. "काकाजी, बसा ना, ऐका," तू म्हणालास. ते बसले नाहीत. पण बाहेर करा असंही म्हणाले नाहीत. पाच मिनिटं उभ्याने ऐकून गेले. जे मला जन्मात जमलं नाही ते तू बसल्या बसल्या केलंस, आणि त्याच कॅसेटशी मी जे केलं ते हे.

ती कॅसेट 'नळ'. तिच्यातलं ते बोलणं मला अजून पाठ आहे, सगळं.

नळ आला गा, नळ आला,
वरच्या आळीत धो धो आला.
हौद भरला, अंगन भिजलं,
म्हशीच्या पाठीवरून गेला.
खालच्या आळीत हवाच आली,
हंड्यात घू घू करून गेली.
चाबी फिरवते कोनाचा हात?
माहाच हात गा, माहाच हात.
अन् माहा हात धरते कोनाचा हात?
ज्याच्या गोठ्यात म्हशी सात.

तू स्वतः खालच्या आळीत राहायचास. चाबी तुझ्या हातात आणि तुझ्याच घरचा हंडा रिकामा. सुमनवहिनी दुसऱ्याच्या विहिरीवर जायची आणि तुला एका शब्दाने बोलायची नाही, हे तूच मला सांगितलं होतंस, जमिनीकडे बघत. आणि गावात सात म्हशी एकाच गोठ्यात होत्या, सरपंचाच्या.

प्रती काढताना शेवटच्या चार ओळी मी काढून टाकल्या. 'चाबी फिरवते' आलं की बटण दाबून थांबवायचं आणि 'सात' संपलं की पुन्हा सुरू. प्रत्येक प्रतीत. तुझी नोकरी जाईल, असं मी स्वतःला सांगत होतो. भीती माझीही होती. त्या सरपंचाचे सोयरे पांढुर्ण्यात होते, वडिलांच्या दुकानात यायचे. तुला विचारलं नाही.

तुला कळलं बोरगावच्या बाजारात. चहाच्या टपरीवर तुझीच कॅसेट वाजत होती. तिथून तू थेट माझ्याकडे आलास, हातात बाजाराची रिकामी पिशवी.

"मधू, चार ओळी कुठं गेल्या?"

"टेप खराब होती. पुसल्या गेल्या."

"ठेका लंगडून राहिला तिथं. पुसल्यावर नाही लंगडत. कापल्यावर लंगडते."

मी स्क्रू काढायचा पेचकस शोधत असल्यासारखं करत होतो.

"मले काहून नाही पुसलं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस."

"मंग?"

"तुझी नोकरी गेली असती, यशवंता."

त्यावर तू जे म्हणालास ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आता लिहितो. "माही नोकरी माह्याजवळ होती. तुह्याजवळ माहा आवाज होता."

मग तू मूळ कॅसेट मागितलीस. "तीच तर पुसली गेली," मी म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं. ती तुझ्या गुडघ्याशेजारच्या खणात होती, जुन्या ट्रान्सफॉर्मरखाली. दिली असती तर तू दुसऱ्या कोणाकडून प्रती काढून घेतल्या असत्यास, आणि मी कापल्याचं गावोगाव वाजलं असतं. तू रिकामी पिशवी घडी करून खिशात घातलीस आणि गेलास. तीन वर्षं आला नाहीस.

आणि कापून मी काय वाचवलं? आधीच्या सहा ओळीच त्यांना पुरल्या. महिन्याभरात तुझ्या हातातली चाबी काढून घेतली आणि तुला कांजीहाऊसवर बसवलं. मोकाट गुरं आणून कोंडायची ती जागा, गावाच्या टोकाला, पत्र्याखाली. तुझा आवाज तिथे गुरंच ऐकतील, असा त्यांचा हिशोब असणार.

तिसरी कॅसेट तू माझ्याशिवाय केलीस. ती माझ्या हाती आली एका जीपवाल्याकडून. लेबल वहिनीच्याच अक्षरात, 'कांजीहाऊस'. कोणाचा तरी मागून आणलेला साधा टेप रेकॉर्डर, एकतारी तूच वाजवलेली, ढोलाच्या जागी तेलाचा डबा. आवाज फाटलेला, मागे सूं सूं चाललेली. मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि ऐकली.

त्यात तू गुरांना प्रश्न विचारतोस. कोणाच्या शेतात शिरली होतीस? मालकाने शिकवलं का स्वतःच शिकलीस? आणि गुरं हंबरून उत्तर देतात, नेमकी ठेक्यावर. ते कसं जमवलंस मला अजून कळलं नाही. आणि मग तो भाग येतो. सरपंचाच्या म्हशी खालच्या आळीतल्या एका बाईच्या ज्वारीत शिरल्या आणि तू त्या हाकत नेऊन कोंडल्यास, कायद्याप्रमाणे. डब्याच्या ठेक्यावर तू त्या मोजतोस. एक. दोन. प्रत्येक आकड्यानंतर एक म्हैस. सातवर थांबतोस. मग काही नाही, नुसता डबा. मग सरपंचाचा एक माणूस येतो, रेकॉर्डर चालू असल्याचं त्याला माहीत नाही.

"यशवंत, सोड त्यायले."

"सोडतो ना जी. मालकाचं नाव सांगा, लिहाचं आहे."

"तुले माहीत नाही का कोनाच्या हायेत?"

"माहीत हाय. पन तुमच्या तोंडून पाह्यजे."

त्यानंतर जी शांतता आहे, तिच्याइतकं चांगलं रेकॉर्डिंग मी माझ्या सगळ्या गोधड्या आणि माइक लावून कधी केलं नाही. मी त्या बंद दुकानात मोठ्याने हसलो आणि मग हसता हसता मला स्वतःची लाज वाटली. मी कापलेलं तू परत मिळवलं होतंस. माझी गरज न लागता.

त्या कॅसेटनंतर खालच्या आळीच्या बाया रिकामे हंडे आणि तो मागून आणलेला रेकॉर्डर घेऊन पंचायतीसमोर बसल्या. पुढे सुमनवहिनी. तीन दिवस ती कॅसेट लावून त्या म्हशी मोजत बसल्या. चौथ्या दिवशी पाणी आधी खालच्या आळीत सुटलं. तुला चाबी परत दिली नाही, ती कधीच दिली नाही. रिटायर होईपर्यंत तू कांजीहाऊसवरच होतास आणि ते नाव तू पदवीसारखं लावायचास.

आपण पुन्हा बोलायला लागलो ते तिगावच्या स्टेशनवर. मी पॅसेंजरने पांढुर्ण्याला परत येत होतो, गाडी तिगावला थांबली आणि तू डब्यात चढलास, बहिणीकडून परतत होतास. समोरच बसावं लागलं, दुसरी जागा नव्हती. एक स्टेशन गेलं तरी आपण खिडकीबाहेरच बघत होतो. मग तू पिशवीतून संत्रं काढलंस, सोललंस आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलंस.

"केस गेले तुह्ये," म्हणालास.

"तुझेही."

"माहे चिंतेनं गेले. तुह्ये कायनं?"

मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. कॅसेट माझ्याजवळ आहे, खणात आहे, चल, देतो. संत्रं हातात होतं आणि शब्द तोंडाशी होते. पुढचं स्टेशन आलं. मग इतकी वर्षं पुढचं स्टेशनच येत राहिलं. तू दुकानात येऊन बसायचास, त्याच खणाला टेकून, आणि दर वेळी वाटायचं, आज आला आहे तर हसून जाऊ दे.

आता चौथी. हिच्याबद्दल मी तुला सोडणार नाही, तू गेलास म्हणूनही नाही. तू तिला कॅसेटच म्हणायचास, पण ती तू फोनवर भरलीस आणि फोनवरच सोडलीस. अर्धी हिंदीत. ऐकल्याबरोबर मी तुला फोन केला.

"हे काय केलं? नागपूरवाल्यासमोर 'माह्या'चा 'माझ्या' केला नाहीस तू. आता सगळी बोलीच सोडली?"

"माह्या नातीले मराठी वाचता येत नाही, मधू. शाळा हिंदी, टीव्ही हिंदी. तिले समजाले पाह्यजे ना का आजा काय बोलून राहिला."

"तिला आपली बोली शिकव मग."

"शिकवतो. पन तोवर गप्प बसू का?"

"हिंदीत हजार जण बोलतात. 'माह्या' म्हणणारा तू एकटा होतास."

"तुले कॅसेटीत माही बोली पाह्यजे," तू म्हणालास. "कपाटात ठेवाले. मले ऐकनारा पाह्यजे."

मी रागात फोन ठेवला. आठ दिवसांनी तुझ्या मुलीचा फोन आला. छातीत कळ आली, नागपूरला नेत होते, पोहोचायच्या आधीच तू गेलास. म्हणजे शेवटचा शब्द तुझा राहिला. हे मला मान्य नाही. कपाटात ठेवायला, हे तू मला दुखवण्यासाठी म्हणालास, आणि खणात काय आहे हे माहीत नसताना नेमकं तिथेच लागलं. पण म्हणून तुझी चौथी कॅसेट चांगली होत नाही. तिच्यात तू लोकांना समजावतोस. आधीच्या तिन्हीत तू कोणाला समजावत नव्हतास, नुसतं सांगत होतास. हा फरक तुला कळायला पाहिजे होता. तुझ्या नातीलाही कळेल. तिला मी तिसरी ऐकवली. सातव्या म्हशीला ती हसली, आणि तिला शब्दही विचारावे लागले नाहीत.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारासमोर मंडप टाकला होता. भंतेजींचं झालं, त्रिशरण झालं, मग दोन शब्द बोलायला माणसं उठू लागली. त्यात सात म्हशीवाल्याचा मुलगा. त्याचे वडील मागेच गेले, आता तोच पुढारी आहे. हात जोडून म्हणाला, "यशवंतभाऊ आमच्या वडिलांचे विश्वासू कर्मचारी होते. गोड गळा होता. पाण्याची बचत करा असा संदेश त्यांनी गाण्यातून दिला."

लोकांनी मान हलवली. खालच्या आळीच्या बायासुद्धा गप्प होत्या, तुझ्या फोटोसमोर भांडण कोण काढणार म्हणून. आणि मी उठलो. यशवंता, मी आयुष्यभर माइक दुरुस्त केले, एकदाही त्यात बोललो नव्हतो. मूळ कॅसेट मी पिशवीत आणली होती, वहिनीला एकटीला द्यायला, एका बाजूला नेऊन, लपवत. ते विसरलो. म्हणालो, "यांचा गळा गोड नव्हता. ही दुसरी कॅसेट. तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे, पण चार ओळी कमी ऐकल्या आहेत. त्या मी कापल्या होत्या. पुसल्या गेल्या म्हणून त्याला खोटं सांगितलं. त्या इथे आहेत."

आणि वहिनीच्या घरचा जुना टेप मागवून, माइकपाशी धरून लावली. सगळी वाजली. माहाच हात गा, माहाच हात. पुढच्या दोन ओळी आल्या तेव्हा मंडपातला एकही माणूस मान वळवून त्या मुलाकडे बघत नव्हता, पण सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच होतं. तो उठला नाही, हे त्याचं मी मानतो. खाली मान घालून बसून राहिला.

सुमनवहिनी मला विहाराच्या मागे भेटली. डोळे कोरडे.

"कुठं होती?"

"माझ्या खणात."

"तो तुमच्या दुकानात जाऊन बसे तवा?"

"तेव्हाही."

"मले वाटे, भाऊजीकडून चुकून पुसली असन. मी त्याले म्हनो, जाऊ दे, माणूस हाय. अन् तो म्हने, चुकून नाही, पन मधूजवळ आता नसन, असती तर देली असती." ती पुढे म्हणाली, "एवढा भरोसा ठेवला त्यानं तुमच्यावर."

"वहिनी, मला माफ करा."

"मी कशाले करू? चोरी माही नाही केली तुमी," ती म्हणाली. "ज्याची केली त्याले मागा." आणि मग, त्याच आवाजात, "ते फोनवर टाका. आजच. चारच्या चार. दुसरीले हात नाही लावाचा."

तिने मला माफ केलेलं नाही. ते मी मागणारही नाही पुन्हा. तुझ्याकडे मागतोय, आणि तुझं उत्तर मला कधी मिळणार नाही, ही माझी शिक्षा बरोबर आहे. पण काम दिलं तिने, आणि ते मी केलं. चारही कॅसेट आता फोनवर आहेत, सूं सूं सकट, हॉर्न सकट. लेबलं वहिनीच्या अक्षरातली, फोटो काढून. चौथीच्या खाली मी लिहिलं आहे की मला ही आवडत नाही. तुला राग येईल. येऊ दे.

काल त्या मुलाचा फोन आला. आवाज चढवला नाही. शांतपणे बोलला.

"काकाजी, माहे वडील गेले, यशवंतभाऊ गेले. आता ते उकरून काय भेटणार? माही पोरगी कॉलेजात जाते, तिच्या मोबाइलवर आलं ते. बाकी सगळं राहू द्या. त्या चार ओळी तेवढ्या काढा."

त्याच्या पोरीचं ऐकून मला वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. तिचा काय दोष? मी म्हणालो, "तिला सांग, आजोबांच्या सात म्हशी होत्या आणि खालच्या आळीत पाणी नव्हतं. एवढंच आहे त्यात. तू सांगितलंस तर तिला ते लोकांकडून ऐकावं लागणार नाही."

"तुमी तर पांढुर्ण्याचे. आमच्या गावाच्या नळाशी तुमचा काय संबंध?"

"त्या चार ओळी एकदा मी काढल्या होत्या," मी म्हणालो. "हा संबंध."

तो म्हणाला, विचार करा. मी म्हणालो, केला आहे, वीस-पंचवीस वर्षं तेच केलं. फोन त्याने ठेवला. माझा आवाज थरथरला नाही, हे तुला मुद्दाम कळवतो.

तू असतास तर म्हणाला असतास, लय उशीर केला बे. केला. त्यावर मला काही बोलायचं नाही. तुझ्या चार ओळी आता शेकडो फोनमध्ये आहेत, जीपवाल्यांच्या, कॉलेजातल्या पोरींच्या, खालच्या आळीतल्या बायांच्या, वरच्या आळीतल्याही. माझ्या हातात आता थांबवायचं बटणच नाही, कोणाच्याच हातात नाही. काढून दाखवाव्यात कोणीही.

तुझा,
मधू